दात आले की ती बोलेल

ही घडलेली गोष्ट आहे. शपथ वगैरे घेणार नाही. आमच्या घरात जो शपथ घेतो त्याच्यावरच आधी संशय घेतात.

गोष्ट माझ्या नणंदेची आहे. त्यामुळे मी कौतुकानं वाढवून सांगेन, ही भीती मनातून काढून टाका.

आणि काळोख, वारा, कुत्र्याचं रडणं यातलंही काही मिळणार नाही. जे झालं ते हिवाळ्यातल्या एका मंगळवारी, भर दुपारी झालं. खाली गल्लीत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याचा रेडिओ चालू होता. वरच्या मजल्यावर आमच्या वन्सं एका दारासमोर उभ्या होत्या. पर्समध्ये एक कवळी होती.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. हल्ली नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही. मी म्हणते, कारण त्यांच्यासमोर दुसरं काही तोंडातून निघतच नाही. नवरा लवकर गेला, एकटीनं लेक वाढवली, आणि त्या सगळ्यात जिभेला जी धार आली ती आजतागायत उतरलेली नाही.

त्या दत्तक. सासूबाईंना मूल होत नव्हतं म्हणून संस्थेतून तान्हीला आणलं, आणि मग पुढे आमचे हे झाले. घरात याची लपवाछपवी कधीच नव्हती. फक्त कुठल्या घरातून आणलं, ते कुणाला माहीत नव्हतं. मूल हातात देतानाच संस्थेनं सगळे कागद बंद केले होते.

सासूबाई होत्या तोवर वन्संनी हूं की चूं केलं नाही. त्या गेल्या, आणि वन्सं संस्थेच्या पायऱ्या झिजवायला लागल्या.

तिथल्या बाई बऱ्या होत्या. पण म्हणाल्या, "ताई, फाइल उघडता येत नाही. तुम्हाला जन्म देणाऱ्या आईनंच तसं मागितलं होतं. नाव नको, पत्ता नको. कुणीही विचारायला आलं, कितीही जवळचं असलं, तरी सांगायचं नाही."

वन्संनी त्याचा एकच अर्थ घेतला. तिला मी नको होते.

घरी येऊन माझ्यापुढे रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, "मला तिचं काही नको गं. तिनं फक्त माझ्या तोंडावर सांगावं, का टाकलं. एक वाक्य. तेवढं ऐकलं की मी गप्प बसेन."

मी मनात म्हटलं, तुम्ही आणि गप्प.

वन्सं दातांच्या लॅबमध्ये काम करतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. या त्यात प्लास्टर ओततात, साचा काढतात आणि त्या साच्यावर कवळी बनवतात. पेशंट कधी दिसत नाही, नुसत्या हिरड्या दिसतात. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा माझं नावही न विचारता म्हणाल्या होत्या, "खालचे दात दाटीवाटीनं आलेत हो हिचे."

त्यांच्या स्वतःच्या टाळूला मधोमध हाडाचा एक उंचवटा आहे. तसा तो बऱ्याच जणांना असतो. पण यांचा डावीकडे वळलेला, आणि टोकाशी दुभंगलेला. काम शिकताना सगळ्यांना आधी स्वतःच्याच तोंडाचं माप घ्यायला लावतात. तो जुना साचा त्यांच्या टेबलावर असतो. त्यात त्या पेन्सिली ठेवतात.

एक दिवस एक माप आलं. म्हातारी बाई, एकही दात नाही, वरची-खालची पूर्ण कवळी. रोजचंच काम. प्लास्टर ओतलं, वाळलं, साचा सोडवला, आणि सवयीनं त्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा मध्येच थांबला...

उंचवटा. डावीकडे वळलेला. टोकाशी दुभंगलेला.

वन्संनी पेन्सिली ओतून टाकल्या आणि स्वतःचा साचा शेजारी ठेवला. टाळूवरच्या सुरकुत्या, खळगे, सगळं एकमेकांशी जुळत होतं. दुपारभर त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही.

आता एक सांगते, जे वन्संनी मला फार उशिरा सांगितलं. जिवंत माणसाचं माप कधी स्वच्छ येत नाही. माणूस गिळतो, त्याला उमासा येतो, जीभ वळवळते. मापात थुंकीचे बुडबुडे राहतात. या मापात... एकही बुडबुडा नव्हता. जीभ जिथे होती तिथेच होती. तसूभरही हललेली नव्हती.

वन्संना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण माणसाला जे हवं असतं, त्याच्याआड येणारं त्याला दिसूनही दिसत नाही.

त्यांनी डॉक्टरला फोन लावला. हा डॉक्टर म्हणजे एरवी फोन ठेवता ठेवत नाही असा. त्या दिवशी मोजकंच बोलला.

"अंथरुणाला खिळलेल्या आहेत. भाऊ आला होता न्यायला, घरी जाऊन माप घेतलं. खोलीत दिवा लावू देत नव्हते. हे बघा, काम झालं की तुम्हीच नेऊन द्या. मी पुन्हा जाणार नाही."

"का हो?"

"त्यांचं तोंड उघडलं ते... मिटलंच नाही. शेवटी मीच हनुवटी धरून मिटवलं."

त्यानं पत्ता सांगितला आणि फोन ठेवला.

वन्सं आनंदानं वेड्या व्हायच्या बाकी होत्या. मला विचाराल तर पाणी तिथेच मुरत होतं. मी त्यांना बजावलं, "जा, पण तोंडाला कुलूप लावून जा. आपण विचारायचं, सांगायचं काही नाही. कोण, कुठली, घरी कोण, एक अक्षर बोलायचं नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणाल्या.

दातांचा रंग ठरवायचा आहे, असं निमित्त काढून त्या गेल्या. मशीनच्या दुकानाशेजारून अरुंद जिना. वर एकच दार. बेलवर बोट ठेवणार...

तोच दार उघडलं.

दारात एक बारकीशी बाई. पांढरे केस, अंगावर स्वच्छ कपडे. वन्संच्या हनुवटीला जशी खळी आहे तशीच तिच्या हनुवटीला.

"आलीस? ये," ती म्हणाली. लॅबमधून आलात का, नाही. कोण तुम्ही, नाही. आलीस, ये.

आत टेबलाशी एक म्हातारा बसला होता. हा भाऊ, ती धाकटी बहीण, आणि कवळी जिच्यासाठी होती ती दोघांची मधली बहीण. म्हणजे वन्संचे मामा, मावशी आणि आई. वन्संनी काही सांगायच्या आधीच मावशी म्हणाली, "तिची लेक तू. दारातच कळलं आम्हाला."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. एका वाक्यासाठी गेलेल्या बाईला अख्खं माहेर मिळालं. मावशीनं चहा केला. मामांनी पाठीवरून हात फिरवला. पैशाचा विषय नाही, अडचणींचं रडगाणं नाही. मला हे कळलं तेव्हा मी जास्तच घाबरले. पैसे मागितले असते तर मला बरं वाटलं असतं. पैशाचे चोर ओळखता येतात.

ते फक्त विचारत होते. मायेनं, हळूहळू.

राहतेस कुठे? वाढवलं कुणी? चांगली होती ना गं माणसं? नोकरी कुठे?

आणि माझ्या वन्सं, ज्या भाजीवाल्याला स्वतःचा फोन नंबर देत नाहीत, त्या एकेक सगळं सांगत होत्या.

"मूलबाळ?" मावशीनं विचारलं.

"एक मुलगी आहे. कॉलेजात आहे, हॉस्टेलवर असते."

मामांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं मामांकडे.

आणि आतल्या बंद खोलीतून आवाज आला...

मच्. मच्. मच्.

बोळक्या तोंडानं कुणी शब्द जुळवायला बघतंय, आणि जुळत नाही, असा. वन्संनी कप खाली ठेवला.

"ऐकतेय ती," मावशी म्हणाली. "बोलायचंय तिला. दात नाहीत ना. दात आले की ती बोलेल. आम्हाला तिच्याकडून एक गोष्ट ऐकायची आहे. फार वर्षं झाली, सांगतच नाही."

"मी भेटू का?"

"दात आण. दातांशिवाय ती कुणाला तोंड दाखवत नाही."

"आणि दातांचा रंग?"

मामा पहिल्यांदाच हसले. "तुझ्यासारखाच दे. तिचे तसेच होते."

जिना उतरताना वन्संना काहीतरी खटकत होतं. सासूबाई शेवटी वर्षभर अंथरुणावर होत्या, त्यांचं सगळं वन्संनी केलं. आजारी माणसाच्या घराला वास असतो. औषधाचा, ओल्या कपड्यांचा, फिनाइलचा. या घरात... कशाचाच वास नव्हता.

घरी येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलीचं कॉलेजसुद्धा सांगून आल्या होत्या. मी कपाळाला हात लावला.

"अहो, एवढं बजावलं होतं."

"तुला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही," म्हणाल्या. आमच्यात आठ दिवस अबोला होता. त्या आठ दिवसांत त्यांनी कवळी पुरी केली. स्वतःच्या हातानं घासली, चमकवली. इतकं सुंदर काम त्या लॅबनं बघितलं नव्हतं म्हणे.

आणि मग तो मंगळवार.

दार उघडंच होतं. मामा-मावशी टेबलाशी बसलेले. मामांनी कवळीसाठी हात पुढे केला. वन्सं म्हणाल्या, "नाही, मीच बसवणार. चुकीची बसली तर हिरडी सोलते."

मावशी म्हणाली, "बसव. बोलली की आम्हाला हाक मार."

खोलीत जाड पडदे ओढलेले होते. पडद्यांच्या फटीतून थोडं ऊन येत होतं. पलंग होता, पण चादरीला सुरकुती नव्हती. आई खुर्चीत होती. तोंड भिंतीकडे. केस कुणीतरी आत्ताच विंचरून दिलेले. हात मांडीवर, तळवे वर.

काय बोलायचं ते वन्संनी रात्र रात्र जागून ठरवलं होतं. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच, "कवळी आणलीय. आ करा."

पुढे होऊन बघितलं, तर...

तोंड आधीपासूनच उघडं होतं.

वन्संनी बोट आत घातलं. टाळूवर उंचवटा लागला. डावीकडे वळलेला, टोकाशी दुभंगलेला. आईच. शंकाच नको. पण तोंड कोरडं होतं. गार होतं. लॅबमधल्या साच्याला हात लावावा तसं. श्वास बोटाला लागेल म्हणून त्या थांबल्या. थोडा वेळ थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

श्वास लागला नाही.

कुणीही तिथून पळालं असतं. वन्सं पळाल्या नाहीत. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं वाट बघितली होती गं. मेलेली तर मेलेली, आई होती माझी."

त्यांनी वरची कवळी बसवली. खालची बसवली. हनुवटी धरून जबडा मिटवला.

कट्ट.

हनुवटी हातातून सुटली. सुटली म्हणजे... तिनं सोडवून घेतली.

मान हळूहळू वळली. आवाज फार बारीक होता. दारापलीकडे जाऊ नये इतका.

"त्यांना काय काय सांगितलंस?"

वन्संना ते कळलंच नाही. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. "आई, मला का टाकलंस?"

"टाकलं नव्हतं. लपवलं होतं."

"कुणापासून?"

बाहेर टेबलाशी खुर्ची सरकली. मग दुसरी. मग...

तिसरी. चौथी.

घरात माणसं दोनच होती.

"लेक आहे म्हणालीस. मी ऐकलं," आई म्हणाली. "तिला लपव. अशी लपव, की तुझी तुलासुद्धा सापडणार नाही."

मग तिनं स्वतःच दोन बोटं तोंडात घातली, कवळी काढली, वन्संच्या हातात ठेवली आणि त्यांची मूठ मिटली. तोंड पुन्हा उघडं पडलं.

दार उघडलं. मावशी.

"बोलली का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "बसली नाही कवळी. परत करावी लागेल."

मावशी जवळ आली. वन्संच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे. आता तिला विचारायचं काय राहिलंय?"

तेव्हा कुठे वन्संच्या डोक्यात प्रकाश पडला. मूल कुठे दिलंस, हेच ते दोघं त्या बाईला विचारत होते. जिवंतपणी विचारलं, मेल्यावर विचारलं, बोलता यावं म्हणून दात करायला टाकले. आणि ती जे मरूनही बोलली नाही, ते वन्सं चहा पिता पिता सांगून बसल्या होत्या.

जिना कसा उतरल्या, त्यांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे हे गेले, त्या मशीनवाल्याकडे चौकशीला. तो म्हणाला, वर दोघं म्हातारी भाऊ-बहीण आहेत, भाडं वेळेवर देतात, तक्रार नाही. मधली बहीण होती, ती वारली असं त्यांनीच मागे सांगितलं होतं.

"फक्त एक आहे," तो म्हणाला, "तिला खाली आणलेलं कुणी बघितलं नाही. त्यांचे आई-वडील होते, एक आत्या होती. म्हातारी झाली, आजारी पडली. त्यांनाही कुणी खाली आणलेलं बघितलं नाही. जिना तर माझ्या दुकानातूनच दिसतो."

ह्यांनी घरी येऊन आधी दाराला आतून कडी लावली.

त्याच आठवड्यात हॉस्टेलवरून भाचीचा फोन आला. हसत होती. "मामी, गंमत सांगू? गेटवर एक गोड आजी भेटल्या. मला म्हणाल्या, हस बघू, दात दाखव. दाखवले तर म्हणाल्या, अगदी आमच्यातलीच आहेस."

वन्संनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

पुढचं पटापट झालं. कॉलेज सुटलं, नंबर बदलला. आम्ही दोघांनी तिला लांब पोचवलं. कुठे, ते वन्संना सांगितलेलं नाही. त्यांनीच बजावलं होतं, "मी पाया पडले तरी मला सांगू नका. मला माहीत असलं तर माझ्याकडून निघेल." लेकीला कारणही सांगू दिलं नाही. कारण कळलं तर ती आईला न्यायला धावत येईल. तशीच आहे ती.

पोर मला फोन करून रडते. "आईला तिची खरी माणसं मिळाली ना? मग मी कशाला हवीय? तिनं मला का टाकलं मामी?"

मी फोन कानाला धरून गप्प बसते. मला गप्प बसायची सवय नाही, जीव जातो.

आणि गेल्या महिन्यात ती म्हणाली, "तू सांगत नाहीस ना, मग मी येते आणि माझं मीच शोधते."

तरीही मी हे लिहिणार नव्हते. पण परवा दुपारी वन्सं आल्या. बसल्या. पाणी नको म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या. आवाज गोड होता. आमच्या वन्संचा आवाज आणि गोड, मला पहिला संशय तिथेच आला. हसल्या, आणि मायेनं विचारलं...

"पोरगी कुठे असते गं आता?"

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मी म्हटलं, "मला नाही माहीत."

"असू दे," म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

मी लॅबमध्ये फोन लावला. मालक म्हणाले, "त्या ना? सकाळपासून जागेवर आहेत. समोरच बसल्यात माझ्या. देऊ का?"

फोनवर वन्संचा खरा आवाज आला, धारदार. "कामाच्या वेळी काय आहे?"

मी फोन ठेवला. त्यांना अजून सांगितलेलं नाही. माझ्याकडे कोण आलं होतं ते मला माहीत नाही. पुन्हा आलं तर कुणाच्या चेहऱ्यानं येईल, तेही माहीत नाही. हे जेवायला बसले की हल्ली मी त्यांच्याकडेही निरखून बघते.

तू इंटरनेटवर असली भुताखेतांची पानं वाचत असतेस, ते मला ठाऊक आहे. फोनवर हे बोलायची मला आता भीती वाटते, म्हणून इथे लिहिलं. कुणाचं नाव घातलेलं नाही, पण तू ओळखशील. बाळा, आईनं तुला टाकलेलं नाही. तिचा तुझ्यावर एवढा जीव आहे, की तू कुठे आहेस हेसुद्धा तिनं स्वतःला कळू दिलेलं नाही.

येऊ नकोस. आहेस ती जागा सोड, आजच सोड.

आणि नवा पत्ता मला कळवू नकोस. मी विचारला तरी.